नवीन बिअर्डेड ड्रॅगन घरी आलाय, तीन दिवस काहीच खात नाही

मोगरा
नमस्कार मंडळी. एरवी मी पाककृतींच्या धाग्यांवर असते, आज वेगळ्याच कामासाठी आले आहे.

आम्ही ओहायोत, कोलंबसला राहतो. मंगळवारी आमच्याकडे एक बिअर्डेड ड्रॅगन, म्हणजे दाढीवाला पाळीव सरडा, आला. नवऱ्याच्या ऑफिसातलं एक कुटुंब दुसऱ्या राज्यात चाललं होतं, त्यांना नेता येईना. लेक (वय 11) दोन वर्षं मागे लागलाच होता, म्हणून हो म्हटलं. सात महिन्यांचा आहे, नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत साधारण 13 इंच. काचेची टाकी, दिवे, वाळू, सगळं त्यांनीच दिलं. "विशेष काही करावं लागत नाही, दिवा लावायचा आणि अळ्या घालायच्या," एवढं सांगून ते गेले.

पहिल्या दिवशी त्याने दोन मीलवर्म (अळ्या) खाल्ले. त्यानंतर काही नाही. कोवळा पालक चिरून ठेवते, तो तसाच सुकतो. दिवसभर टाकीच्या गार कोपऱ्यात पोट टेकून पडलेला असतो. हात आत घातला की दाढी (गळ्याची कातडी) फुगवून काळी करतो. लेक शाळेतून आला की दप्तर न काढता आधी टाकीपाशी जातो आणि "आई, खाल्लं का गं त्याने?" विचारतो. रोज काय सांगू?

तीन प्रश्न आहेत. आजारी आहे की अजून रुळतोय? तोंड उघडून भरवू का? आणि सासूबाई साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आल्यात, वय 68, त्यांना याच्यापासून काही धोका आहे का?

सासूबाईंनीच दाढी बघून त्याचं नाव 'बुवा' ठेवलंय.

चकली
बुवा!! नाव फार आवडलं. मदत शून्य करू शकते पण धागा वाचत राहणार.

रानवाटा
मोगराताई, भरवू नका. जबडा नाजूक असतो, त्याला इजा होईल आणि घास श्वासनलिकेत जाऊ शकतो. मी ह्यूस्टनला आहे, नऊ वर्षं एक ड्रॅगन सांभाळतोय. नव्या घरी आल्यावर आठवडाभर, कधी दोन आठवडेही न खाणारे ड्रॅगन पाहिलेत. पण "रुळतोय" म्हणून सोडून द्यायच्या आधी हे सांगा: टाकी किती मोठी? ऊन खायच्या जागेचं तापमान किती, आणि ते कशाने मोजलंत? यूव्हीबीचा, म्हणजे अतिनील किरणांचा, दिवा कोणता, कधी घेतलेला? रात्री कुठला दिवा लावता? खाली कसली वाळू?

टपरीवरचा_चहा
साताऱ्याच्या आजींना कंदी पेढा देऊन बघू देत. बुवा उठून बसतील.

मोगरा
@रानवाटा, टाकी 36 x 18 इंच. काचेवर गोल काट्याचा थर्मामीटर चिकटवलेला आहे, तो 90 फॅरनहाइट दाखवतो. यूव्हीबी म्हणजे तो पिळाचा छोटा दिवा ना? तो जाळीवर ठेवलाय, कधीचा ते माहीत नाही. रात्री लाल दिवा. खाली 'कॅल्शियमयुक्त' असं लिहिलेली पांढरी वाळू. शिवाय एक गरम होणारा दगड आहे, विजेवर चालणारा.

@टपरीवरचा_चहा, आजींनी खरंच विचारलं, "याला पेढा चालतो का?"

रानवाटा
ताई, मला वाटतं बुवांना थंडी वाजतेय. नीट सांगतो, जरा मोठं होईल.

काचेवरचा काटा काचेजवळच्या हवेचं तापमान दाखवतो. बुवा बसणार दगडावर. आज हार्डवेअरच्या दुकानातून पिस्तुलासारखा इन्फ्रारेड थर्मामीटर आणा आणि दिव्याखालच्या दगडावर रोखा. तिथे 100 ते 107 फॅरनहाइट हवं, म्हणजे 38 ते 42 सेल्सिअस. टाकीचं दुसरं टोक मात्र 75 ते 80 च्या आसपास गार हवं, म्हणजे त्याला जास्त झालं की तो सरकू शकतो. या प्राण्याच्या अंगात स्वतःची ऊब तयार होत नाही. ऊन खाल्लं तर अन्न पचतं, नाही तर पोटात तसंच पडून राहतं. चूल न पेटवता पातेल्यात तांदूळ घातल्यासारखं आहे. त्यामुळे गारठलेला ड्रॅगन खात नाही हे त्याचं शहाणपण आहे.

विजेचा दगड आजच काढा. त्यावर बसून पोट भाजू शकतं. लाल दिवाही काढा. त्यांना लाल रंग दिसतो, रात्रभर उजेडात झोप लागत नाही. रात्री पूर्ण काळोख हवा. घर 65 च्या खाली जात नसेल तर रात्री वेगळ्या उबेची गरजच नाही. दिवे सकाळी लावायचे, 12 ते 14 तासांनी बंद.

ती वाळूसुद्धा काढा. कॅल्शियमयुक्त असली तरी पिल्लं ती चाटतात, पोटात गोळा होऊन आतडं अडू शकतं. सध्या साधे पेपर टॉवेल अंथरा. त्यावर शी कशी झाली तेही दिसतं.

आणि यूव्हीबी. तो पिळाचा दिवा बदला. लांब नळीचा, 'टी5 एचओ' लिहिलेला, 10 किंवा 12 टक्क्यांचा घ्या, टाकीच्या अर्ध्या ते दोन तृतीयांश लांबीचा. बसायच्या जागेपासून साधारण फूट ते सव्वा फूट वर. जाळी बारीक असेल तर बरेच किरण तीच अडवते, म्हणून जमलं तर नळी जाळीच्या आतून लावा. खिडकीच्या काचेतून आलेल्या उन्हाचा उपयोग नाही, काच यूव्हीबी अडवते. आणि दिवा जळतोय म्हणजे किरण येताहेत असंही नाही. उजेड तसाच राहतो, आतला यूव्हीबी मात्र सहा महिने ते वर्षात उतरतो. बदलल्याची तारीख नळीवरच मार्करने लिहून ठेवा.

गुलबकावली
रानवाटांनी यूव्हीबीबद्दल लिहिलंय ते कृपा करून कुणी हलकं घेऊ नका.

माझ्या मुलीचा पहिला ड्रॅगन आम्ही एका दुकानातून आणला. दुकानदाराने सांगितलं, उबेचा दिवा पुरे, यूव्हीबी ही चैन आहे. आम्ही विश्वास ठेवला. चार महिने सगळं ठीक होतं. मग एक दिवस तो रातकिड्यावर झेपावला आणि किडा तोंडातून निसटला. परत निसटला. मी त्याला हातात घेतलं, हनुवटीखाली बोट लावलं, तर खालचा जबडा खोडरबरासारखा दबला. पुढच्या पायांची बोटं थरथरत होती.

डॉक्टरांनी समजावलं: यूव्हीबीने कातडीत ड जीवनसत्त्व तयार होतं, ते असेल तरच खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागतं. नसेल तर शरीर हाडांतून कॅल्शियम ओढून घेतं. मेटाबोलिक बोन डिसीज म्हणतात याला. आम्ही उशीर केला होता. सहा आठवडे औषध पाजलं, तो वाचला नाही. मुलगी तेव्हा नऊ वर्षांची होती, आता एकोणीसची आहे, अजून त्याचा फोटो तिच्या टेबलावर आहे.

मोगरा, बुवाचा जबडा हलकेच चाचपून बघ. घट्ट असेल तर तुझ्याकडे वेळ आहे.

मोगरा
वाचून हात थंड पडले गं. लगेच जाऊन बघितलं. जबडा कडक आहे. नळी आत्ता मागवली, उद्या येईल.

निवडुंग
रोज कोमट पाण्यात दहा मिनिटं बसवा. आमचा असाच सुस्त होता, अंघोळीनंतर खायला लागला. कातडीतून पाणी शोषतात ते.

रानवाटा
@निवडुंग, इथे असहमत. कातडीतून पाणी शोषत नाहीत, ते तोंडानेच पितात. शी अडली असेल तर कोमट पाण्याचा उपयोग होतो, हे मान्य. पण चार दिवसांपूर्वी घर बदललेल्या प्राण्याला रोज उचलून पाण्यात ठेवलं तर तो आणखी बावरेल. पहिला आठवडा त्याला हात लावू नका. सकाळी दिवा, जेवण, पाणी, एवढंच.

निवडुंग
शोषत नसेल, पण आमच्याकडे फरक पडला हे खरं. पाण्यात शी केली आणि भूक लागली, तसं असेल. पहिल्या आठवड्याचं पटलं.

तुळशीवृंदावन
एक मनातला प्रश्न. मोगरा, तुम्ही शाकाहारी आहात असं तुझ्या पाककृतींवरून वाटतं. जिवंत किडे घरात आणायचे हे कसं जमवलंस? आमच्याकडे मुलगा हाच हट्ट धरून बसलाय आणि मी तिथेच अडलेय. नुसत्या भाजीवर ठेवता येत नाही का?

मोगरा
जमवलेलं नाही अजून. अळ्यांचा डबा गॅरेजमध्ये आहे आणि चिमटा धरताना मी दुसरीकडे बघते.

रानवाटा
नाही जमणार. वाढत्या वयात त्याच्या खाण्यात निम्म्याहून जास्त किडे लागतात, मोठेपणी ते उलटं होतं आणि तीन चतुर्थांश पाला चालतो. पण किडे पूर्ण बंद करता येत नाहीत. ज्यांच्या मनाला हे पटत नाही त्यांनी हा प्राणी न आणणंच दोघांच्याही भल्याचं. मी घरचा माळकरी, मलाही पहिले दोन महिने जड गेलं. शेवटी असं ठरवलं की त्याला घरी आणलं तेव्हाच त्याचं जेवणही मी स्वीकारलं.

मोगराताई, मीलवर्मचं कवच जाड असतं, रोज नकोत. ब्लॅक सोल्जर फ्लायच्या अळ्या बघा, त्यांच्यात मुळातच कॅल्शियम भरपूर असतं आणि बघायला कमी किळसवाण्या. नाही तर डुबिया झुरळं. गुळगुळीत डब्याच्या भिंतीवर त्यांना चढता येत नाही, आवाज नाही, वास नाही. कुठलाही किडा ड्रॅगनच्या दोन डोळ्यांतल्या अंतरापेक्षा मोठा नको. आणि वरून कॅल्शियमची पूड, वड्यांवर खोबरं भुरभुरावं तशी.

तुळशीवृंदावन
स्पष्ट सांगितल्याबद्दल आभार. आज मुलाशी बोलते.

लाल_माती
सिडनीहून हजेरी. तुमचे बुवा मूळचे आमच्याकडचे. मध्य आणि पूर्व ऑस्ट्रेलियाचा कोरडा भाग हे त्यांचं गाव.

आपल्याकडे 'सरड्याची धाव कुंपणापर्यंत' म्हणतात ना, ती म्हण मला इथे येऊन दिसली. ब्रोकन हिलकडे गाडीने जाताना मैलोन्मैल कुंपणं आणि दर काही खांबांमागे एक ड्रॅगन, खांबाच्या अगदी टोकावर, छाती उन्हाकडे करून. गाडी थांबवून मी वीस मिनिटं एकाला बघत होतो. डोळे अर्धे मिटलेले, तोंड किंचित उघडं. तापला की तोंड उघडून उष्णता सोडतात. सावली सरकली तसा तो खांबाभोवती इंच इंच फिरला आणि पुन्हा उन्हात आला.

म्हणून टाकीत उंच फांदी द्या. दिव्याखाली जाडसर ओंडका, चढून बसता येईल असा.

आणि इथे न्यू साउथ वेल्समध्ये हा पाळायलाही सरकारी परवाना लागतो. रानातून उचलून आणणं तर गुन्हाच.

कस्तुरी
हे वाचून तर मला जास्तच वाईट वाटतं. खांबावर बसून ऊन खाणारा जीव तीन फुटी काचेत. हौसेसाठी कशाला? आपल्याकडे घोरपड, देशी कासव, देशी पोपट घरात ठेवायला 1972 च्या वन्यजीव कायद्याने बंदी आहे, आणि मला ते योग्य वाटतं.

लाल_माती
तुमचं म्हणणं मनापासून समजतं. फक्त एक सांगतो. ऑस्ट्रेलिया आपले वन्य प्राणी व्यापारासाठी बाहेर जाऊ देत नाही. अमेरिकेतले ड्रॅगन कित्येक पिढ्या माणसाकडेच अंड्यातून निघालेले आहेत. बुवाने ते कुंपण कधी पाहिलेलं नाही आणि ओहायोच्या थंडीत बाहेर सोडला तर रात्र काढणार नाही. त्याला आता मोगराताईंचंच घर आहे.

कस्तुरी
विकत घेण्याचं मला अजूनही पटत नाही. पण मोगराने विकत घेतलेला नाही, सोडून दिलेल्याला घर दिलंय, हे लक्षात आलं. तर मग त्याला मोठी टाकी द्या लवकर.

रानवाटा
+१. वर्षाचा होईपर्यंत चार फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच हवी. आणि सोबत म्हणून दुसरा ड्रॅगन कधीही आणू नका. ते एकटेच राहणारे आहेत. एकावर एक बसलेले दिसतात ती माया नसते, वरचा खालच्याचं ऊन अडवत असतो.

गोठ्यातला_डॉक्टर
मी सांगलीकडे गाई-म्हशींचा डॉक्टर, सरपटणारे प्राणी माझा विषय नाही. पण सासूबाईंचा प्रश्न मागे पडलाय म्हणून लिहितो.

साल्मोनेला. हे जंतू ड्रॅगनच्या आतड्यात असू शकतात आणि प्राणी ठणठणीत दिसतो. शीतून बाहेर पडतात, मग कातडीवर, टाकीत, पाण्याच्या वाटीत. औषध देऊन ते कायमचे घालवता येत नाहीत. अमेरिकेच्या सीडीसीचा (तिथली सरकारी आरोग्य संस्था) सल्ला असा आहे की 5 वर्षांखालची मुलं, 65 च्या पुढची माणसं आणि प्रतिकारशक्ती कमी असलेले यांनी सरपटणाऱ्या प्राण्यांना हाताळू नये. तेव्हा आजींनी खुर्चीतून बघावं, गप्पा माराव्यात, हात लावू नये. टाकी स्वयंपाकघरात नको. तिची भांडी स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुऊ नका, वेगळी बादली ठेवा. मुलाने त्याचा पापा घ्यायचा नाही, हाताळल्यावर साबणाने हात धुवायचेच.

आणि एकदा शीची तपासणी करून घ्या. तिकडे सरपटणाऱ्या प्राण्यांच्या डॉक्टरांची असोसिएशन ऑफ रेप्टिलियन अँड अम्फिबियन व्हेटेरिनेरियन्स ही संघटना आहे, तिच्या यादीत जवळचा डॉक्टर मिळेल.

मोगरा
डॉक्टरसाहेब, आभार. टाकी स्वयंपाकघराला लागूनच्या टेबलावर होती. आज नवऱ्याने आणि लेकाने उचलून बैठकीत नेली. सासूबाईंना नीट समजावलं. त्या म्हणाल्या, "लांबून दर्शन घेईन, बुवांना शिवायचं नसतंच."

आता हिशोब. इन्फ्रारेडने दगड मोजला: 84!! काटा 90 दाखवत होता आणि दगड 84. दिवा बदलला, ओंडका वर घेतला, आता 103. दुसरं टोक 78. नळी लावली, तारीख लिहिली. विजेचा दगड, लाल दिवा, वाळू बाहेर.

तरी आज सातवा दिवस, खाल्लेलं नाही. पण गार कोपरा सोडून तो ओंडक्यावर चढला. दुपारी लेकाकडे बघून एक हात वर करून हळूच गोल फिरवला. लेक म्हणतो, "आई, तो मला टाटा करतोय!"

रानवाटा
103 उत्तम. तो टाटा म्हणजे 'तू मोठा, मी लहान, मला काही करू नकोस' असं सांगणं. लेकाला म्हणावं, समोर बसून शांतपणे पुस्तक वाच. आणि हात कधी वरून आणायचा नाही. डोक्याच्या मधोमध एक बारीक ठिपका दिसेल, तो तिसरा डोळा. आकार दिसत नाहीत पण सावली कळते, आणि वरून सावली म्हणजे घार. हात बाजूने, खालून.

वजन करा. छोटा डिजिटल काटा, स्वयंपाकाचा नको. वजन टिकून असेल तर न खाण्याची काळजी नाही. घसरत असेल तर डॉक्टर.

लाल_माती
अवांतर: बुवा की बाई हे पाहिलंत का? शेपटीच्या मुळाशी खालून दोन उंचवटे दिसले तर नर, मधोमध एक असेल तर मादी. मादी असली तर नर नसतानाही अंडी घालू शकते, तेव्हा माती खणायला डबा द्यावा लागतो. गंमत म्हणजे अंडी फार उबेत, 32 सेल्सिअसच्या वर राहिली तर गुणसूत्रांनी नर असलेलं पिल्लू मादी होऊन जन्मू शकतं. रानातही अशा माद्या सापडल्याचं 2015 साली 'नेचर'मध्ये छापून आलं होतं.

चकली
म्हणजे बुवाची बुवाबाई!

मोगरा
उद्या बघतो :) वजन 214 ग्रॅम. खाण्याचं सांगा ना, पालक का खात नसेल? भारतीय दुकानातलं काय चालेल?

गुलबकावली
पालक बंद कर. त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम बांधून ठेवतं. अळूही नको. मोहरीची पानं चांगली, कोलार्ड आणि डँडेलियनची पानं चांगली, लाल भोपळा किसून, कोथिंबीर कधीतरी. आणि जास्वंद! फूल आणि पान दोन्ही चालतात, फक्त फवारा मारलेली नको. कांदा-लसूण नाही, ॲव्होकाडो अजिबात नाही, ते विषारी आहे. आणि उन्हाळ्यात ओहायोत काजवे असतात ना? लेकाला बजावून ठेव, एकही काजवा याच्या तोंडात जाता कामा नये. एका काजव्यानेही ड्रॅगन मरतो.

मोगरा
काजव्यांचं बरं सांगितलंस. जूनमध्ये लेक बरणी घेऊन अंगणातच असतो.

टपरीवरचा_चहा
धागा वाचून मी बायकोला म्हटलं आपणही आणू. तिने फक्त माझ्याकडे पाहिलं. मी दाढी काळी केली.

मोगरा
मंडळी!!!

आज दहावा दिवस. सकाळी दिवा लावून तासभर झाला होता. बुवा ओंडक्यावर, तोंड जरासं उघडं. सासूबाई खुर्चीत जप करत होत्या. त्यांच्या कुंडीतल्या जास्वंदीचं एक फूल (ही कुंडी त्यांनीच मेमध्ये लावली, फवारा काही नाही) मी पाकळ्या तोडून वाटीत ठेवलं होतं, बाजूला चार सोल्जर फ्लायच्या अळ्या, कॅल्शियम लावून.

अळी वळवळली. त्याने मान तिरकी केली. एका डोळ्याने बघितलं, मग दुसऱ्या. मग ओंडक्यावरून उतरला, दोन पावलं, थांबला. जीभ बाहेर आली, गुलाबी, जाड, आणि अळी गेली. दुसरी. तिसरी. मी श्वास धरून उभी. मग वाटीच्या कडेला आला आणि लाल पाकळी ओढली. ती तोंडाबाहेर लोंबत राहिली, विडा खाल्ल्यासारखी, आणि तो तसाच माझ्याकडे बघत चावत राहिला.

सासूबाईंनी माळ थांबवली आणि हाक मारली, "अगं, बुवांनी प्रसाद घेतला!"

लेकाला शाळेत निरोप कसा देऊ हे कळेना. दुपारी दारातच सांगितलं. त्याने दप्तर टाकलं आणि माझ्या कमरेला मिठी मारली.

गुलबकावली
डोळ्यांत पाणी आलं गं. मुलीला वाचून दाखवलं फोनवर.

रानवाटा
वा!! आता घाई करू नका. दिवसातून दोनदा किडे, दहा मिनिटांत खाईल तेवढे, उरलेले काढून घ्या. रात्री टाकीत किडे ठेवले तर ते त्यालाच चावतात. आणि पहिली शी झाली की ताजी डब्यात घालून डॉक्टरकडे.

मोगरा
अपडेट: काल डॉक्टरकडे जाऊन आलो. शीमध्ये थोडे पिनवर्म (जंत) निघाले, औषध दिलंय, दोन आठवड्यांनी पुन्हा दाखवायचं. हाडं चांगली आहेत म्हणाल्या. उंचवटे दोन, म्हणजे बुवाच. वजन 221.

@तुळशीवृंदावन, मुलाशी बोललीस का? चिमटा धरताना मी आता समोर बघते.

तुळशीवृंदावन
बोलले. तो म्हणाला, "आई, किडे मी घालीन, तू फक्त जास्वंद लाव." विचार चालू आहे. नळीचं नाव नक्की काय म्हणालात, टी5 एचओ ना?